खोलीच्या तापमानाला

पत्रक चार पानांचं. फ्रान्सच्या पूर्वेला, जुरा डोंगरात,
शातो-शालों नावाचं गाव,
टेकडीखाली पन्नास-साठ हेक्टर द्राक्षं,
एकच जात, एकच वाईन. पिवळी.
शब्दाला दोन रुपये दराने
ती मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं
मे महिन्यात, धरमपेठेत,
कूलरमध्ये तिसरी बादली ओतताना.

पहिल्याच ओळीला अडलो :
'खोलीच्या तापमानाला प्यावी.'
कुणाच्या खोलीच्या?
माझ्या खोलीत मेणबत्ती उभी राहत नाही.

पुढे लिहिलंय, पिंपात भरतात आणि विसरतात.
सहा वर्षं तीन महिने.
उडून जाते ती भरून काढत नाहीत.
मग वर आपोआप एक पापुद्रा धरतो,
त्याला म्हणतात व्वाल.
शब्दकोश उघडला : पडदा. बुरखा. पदर.
आणि एकदम आठवली आपली वायल,
सीताबर्डीवर मीटरने मिळायची ती,
आईची उन्हाळी पातळं.
शब्द तोच. एवढ्या लांबून आला
आणि आपण त्याला फॉल-बिडिंग करून नेसलो.

लिटरमागे बासष्ट सेंटिलिटर उरते.
बाटलीही त्याच मापाची, बुटकी, खांद्यात रुंद.

'कशासोबत' या मथळ्याखाली :
साय घातलेली कोंबडी, त्यात गुच्छी,
दोन वर्षं मुरलेलं कोंते चीज,
अक्रोड.
यातला मी अक्रोड खाल्लाय. खवट होता.

कंपनीने नमुन्याची एक बाटली दिली होती.
बुधवारी रात्री ती पिशवीत घालून
गोळीबार चौकाकडे गेलो, सगुणाबाई परात्यांच्या खानावळीत.
मागच्या खोलीत पूर्वी माग होता.
आता मागाच्या खड्ड्याभोवती जवसाच्या तेलाचे पिपे.

स्टीलच्या ग्लासात ओतली.
त्यांनी प्यायली नाही, नुसती हुंगली,
मसाला भाजताना हुंगतात तशी, डोळे मिटून.
"हे तं मेथी हाये बाप्पा.
माया सासूच्या लोणच्याच्या बरणीतली, चौथ्या वर्षाची.
अन् तू सांगून राह्यला परदेशी?"

मी पुन्हा हुंगली. मेथी होती.
इतका वेळ मला अक्रोड येत होता
कारण पत्रकात अक्रोड होता.

मटण आलं. रश्श्यावर काळसर तेल.
पहिल्या घासाला जीभ गेली,
दुसऱ्या घोटाला परत आली,
आंबट, किंचित खारट, आणि मागून काहीतरी कोरडं,
खळ लावलेल्या सुतासारखं.
वहीत लिहिलं : तिखटाला मारत नाही, शेजारी बसते.
सांबारवडीशी भांडली.
पाटोडीच्या रश्श्याशी जमवून घेतलं.
खुराच्या सुपापुढे मात्र तिचं काही चाललं नाही,
तिथे मीही वही मिटली.

"अन् लिटरातली बाकीची कुठी गेली?"
उडाली, म्हटलं. हवेत.
"तिचे पैसे कोन भरते?"
पिणारा.
सगुणाबाई भाकर थापता थापता थांबल्या.
"आमच्या सुताची तूट
आमच्याच मजुरीतून कापत होते," म्हणाल्या,
आणि तव्यावरची उलटली.

निघताना अर्धी बाटली उरली होती.
"घरी नेऊन उकळवतं का तिले?
खड्ड्यात ठेव. तिथं पाय गार राहात होते यायचे,
भर मे महिन्यात."
वाकून ठेवली. खाली खरंच गारवा होता,
ओल्या मातीचा, आणि एक लाकडी कांडी,
धाग्याशिवाय.

काम वेळेत दिलं.
कोंबडी, गुच्छी, चीज, सगळं जसंच्या तसं.
खाली एक ओळ जास्तीची :
मेथी घातलेलं कैरीचं जुनं लोणचं, ज्वारीची भाकर.
ती त्यांनी खोडली, हरकत नाही.
पण पहिल्या ओळीवरून अजून पत्रव्यवहार चालू आहे.
मी लिहिलंय, 'मागाच्या खड्ड्याच्या तापमानाला प्यावी.'
ते विचारतात, म्हणजे नेमकी किती अंश?
थर्मामीटर घेऊन जायचं मनात आहे.
तोवर बिल अडकलंय,
आणि बाटली तिथेच आहे, बूच लावलेली,
थोडी थोडी उडत असेल.