दोन बोटं वर

सात आठवडे सायकल बाल्कनीत,
तिच्यावर टॉवेल वाळतायत.
मी फरशीवर, गुडघे छातीशी,
पंख्याचे फेरे मोजत.
चौथ्या-पाचव्या मणक्यात काहीतरी सरकलंय म्हणे.

बोपदेव एकेचाळीस मिनिटांत चढायचो.
आता डावा मोजा घालायला
तेवढाच दम लागतो.

नाना पेठेत तिकोन्यांनी न विचारता
हँडल दोन बोटं वर घेतलं.
"म्हातारपण नाही हो," म्हणाले,
"जरा समोर बघत जा."

आज पहाटे म्हात्रे पुलापर्यंत, बस्स.
मधल्या गतिरोधकाला
श्वास धरून पेडलवर उभा राहिलो –
कंबर काही बोलली नाही.

पुलावर थांबलो. नदीला वास होता.
मागून एक दूधवाला
घंटी वाजवत पुढे गेला.
जाऊ दिला.