उलट्या हातानं

गंगाखेडला, बसस्टँडच्या मागं, माझं दुकान:
वायरची भेंडोळी, होल्डर, पंख्याचे कंडेन्सर,
आणि काचेच्या चौकटीत माझा परवाना.
बाजाराच्या दिवशी मुंजाजी येतो,
पिशवीतून फॉर्म काढतो. दहा, बारा, कधी चौदा.
नवीन मीटरला परवानेवाल्याची सही लागते.
परवानेवाला तालुक्यात, घरं धोंडेवाडीत,
मधे बावीस किलोमीटर आणि पूल नसलेला एक ओढा.

मी सही करतो,
"वायरिंग मी समक्ष तपासले" या ओळीखाली.
अर्थिंग: तीन ओहम.
खडकावरचं घर, काळ्या रानातलं घर,
नुसत्या पत्र्याचं घर,
सगळ्यांचं तीन.
सहीचे तीनशे. हेही तीनच, आता ध्यानात येतंय.

काम मुंजाजीचं.
त्याला परवाना नाही, आयटीआय नाही,
दहावीचं कुणी विचारत नाही, तोही सांगत नाही.
लाइनमन खाली उभा राहून फोनवर बोलतो,
वर खांबावर हा. खांबामागं शंभर रुपये.
गाव त्याला झिरो वायरमन म्हणतं
आणि रात्री फ्यूज उडाला की त्या झिरोलाच उठवतं.
कंपनीच्या कुठल्या रजिस्टरात तो नाही.
चढला त्याची नोंद नाही,
पडला तर त्याचीही नसेल.

त्यानंच एकदा शिकवलं होतं,
मला, परवानेवाल्याला:
"दादा, तार बगायची तर उलट्या हातानं बगावी.
करंट आसंल तर हात मागं उडतो.
सरळ हातानं धरली की मूठ मिटती,
मंग सोड म्हनलं तरी सुटत नाही."

गेल्या महिन्यात एका सोमवारी अकरा फॉर्म.
दहा पुढं सरकवले, अकरावा हातातच धरला.
अर्जदार: मुंजाजी लिंबाजी घोडके.
म्हणाला, "ह्याच्यावर इथं सही नका करू.
माझं घर हाय. येऊन बगा."

मेगर शोधायला अर्धा दिवस गेला.
अर्थ टेस्टरची वायर उंदरानं कुरतडली होती,
ती जोडून घेतली. मुंजाजीनंच जोडली.

दोन खोल्या, गिलावा अजून व्हायचाय,
पण पाइप कसे ओळंब्यात,
बटनं पोराचा हात पोचणार नाही इतकी वर.
अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या कडेला:
मीठ, कोळसा, मीठ, कोळसा.
टँकर चौथ्या दिवशी येतो,
तरी सत्वशीला रोज तांब्याभर पाणी त्यात ओतते.
"ते म्हंत्यात, खड्डा वाळला की घर उघडं पडतं."

मी खुंट्या ठोकल्या, हँडल फिरवलं.
काटा हलला, थांबला.
साडेचार.
पाचाच्या आत. पास.
पण माझ्या तिनापेक्षा दीडानं जास्त.
मुंजाजी माझ्या तोंडाकडं बघत होता,
"कमी पडलं का?"
सत्वशीलानं एकदा पाण्याच्या टिपाकडं पाहिलं.
"नाही," मी म्हणालो, "बरोबर आहे."
आणि चार लिहिताना पेन अडलं,
इतक्या वर्षांत त्या रकान्यात
तिनाशिवाय दुसरा आकडा गेला नव्हता.

खाली आणखी एक रकाना:
काम करणाऱ्याचे नाव व परवाना क्रमांक.
मी थांबलो.
"लिहा ना तुमचं," तो म्हणाला,
"नंबर तर पायजेच."
आणि चहा सांगायला आत गेला.

पुढच्या सोमवारी मुंजाजी आला.
त्या घराविषयी तो बोलला नाही, मीही नाही.
पिशवीतून फॉर्म निघाले, बारा.
वरचा धोंडेवाडीचा, कुणा अयोध्याबाई मुंडेंचा.
मी पेनचं टोपण काढलं
आणि सही करायच्या आधी
त्या कागदाला
उलट्या हातानं शिवून पाहिलं.