लाकडी डाव

आई गेली तेव्हा द्राक्षमळ्याचे दोन भाग झाले,
मधोमध एक बदामाचं झाड, ते कुणाचंच नाही.
घंगाळ माझ्या वाट्याला आलं,
मातीचं, आतून हिरव्या झिलईचं,
ज्यात आई डुक्कर मारायच्या दिवशी मसाला कालवायची
आणि ऑगस्टात सांग्रिया.
डाव गेला ओब्दुलियाकडे.
नोटरी म्हणाला होता, किरकोळ वस्तू तुम्हीच वाटून घ्या.
घेतल्या.

भांड्याला भांडं लागतंच, म्हणतात.
आमचं लागायचंही बंद झालं.
गल्ली एक, दारं समोरासमोर.
ती उंबरा झाडायला आली की मी पडदा ओढते.
अकरा ऑगस्ट मी सांग्रिया ढवळली
कधी लोखंडी झाऱ्याने,
कधी, खोटं कशाला बोलू, झाडूच्या नव्या दांड्याने.
लोकांनी प्यायली. ला मांचाच्या उन्हात लोक काहीही पितात.

आज सणाची संध्याकाळ.
चौकात बँडवाले एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकतायत.
वाईन सोसायटीतली, पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन.
चांगली वाईन सांग्रियात ओतणं म्हणजे
पायपुसण्याला इस्त्री करणं, आई म्हणायची.
पीच सालीसकट.
लिंबं सेर्वांदोच्या झाडाची, त्याला न विचारता.
संत्रं एकच, या दिवसांत ते म्हातारं आणि महाग.
ब्रँडी बाटलीच्या गळ्यात तीनदा गुडुक् होईपर्यंत.
साखर मुठीने.
माझी मूठ आईपेक्षा लहान आहे
हे मी दर वर्षी विसरते.

दालचिनी नाही.
दालचिनी ओब्दुलियाची.
लहानपणी ती हळूच टाकून पळायची,
आई विचारायची, कुणी टाकली?
आणि मी नाव सांगायचे.

दार वाजलं.
तिची नात, इराचे, नऊ वर्षांची,
गुडघ्यावर ताजी खपली,
हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, दांडा बाहेर.
"आजीने काही सांगितलं नाहीये,
नुसतं देऊन ये म्हणाली."

ऑलिव्हच्या लाकडाचा डाव.
एकाच बाजूने झिजलेला, आई डावखुरी होती.
उजव्या हातात धरला, बसेना.
डाव्यात घेतला, वेड्यासारखा वाटला,
पण फिरला.
घंगाळाच्या काठाला टेकला तेव्हा
आवाज असा काही मोठा नव्हता,
ठप्, एवढंच.
लागलं एकदाचं.

कपाटात मागे एक काडी होती,
कधी आणली होती, कशासाठी, आठवत नाही.
टाकली.
कुणी विचारलं तर या खेपेला
नाव सांगणार नाही.

दिवे लागल्यावर बर्फ घातला, सोडा ओतला,
पहिली बरणी पोरीच्या हाती दिली,
फळं गच्च, वाईन वरवर,
कारण ओब्दुलिया फळंच खाते
आणि पेला शेजारच्याकडे सरकवते.
चौकात फटाका उडाला, कुत्री ओरडली.
अर्ध्या तासात बरणी परत.
तळाशी लाल पाणी आणि लिंबाच्या दोन बिया.
पोर दारातच उभी, एका पायावर:
"आजी म्हणते, साखर कमी आहे."

अकरा वर्षांनी बोलली
आणि हे बोलली.

मी चाखून पाहिली. दोनदा.
काहीही कमी नव्हती.

साखरेचा डबा काखेत मारला,
डाव तसाच घेतला, ओला, न धुता,
कोपरापर्यंत लाल ओघळ,
आणि काळोखात पायांनी चाचपत
चपला शोधू लागले.