एकोणिसांत सतरावा

खांबावर चढण्याआधी मी लाईन बंद करून घेतो.
परमिटवर सही, मग टेस्टर, मग अर्थिंगची साखळी.
बावीस वर्षं वीज खात्यात, एकदाही चटका नाही.
अशा माणसाने रविवारी पहाटे घट्ट चड्डी घालून
बोरीच्या उतरणीवर जीव टाकायला का जावं,
हे बायकोला अजून कळलेलं नाही.
मलाही नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या वळणावर पडलो.
कुणाच्या तरी ट्रकातून सांडलेली चिऱ्यांची भुकटी,
तांबडी, बारीक, रांगोळीसारखी.
ती दिसली आणि मी ऐन वळणात पुढचा ब्रेक दाबला.
मग कोपर, खांदा, हेल्मेटला गेलेली चीर,
आणि बाजूने सरसरत गेलेली बाकीची चाकं.
एकानेही मागे पाहिलं नाही.
शर्यत होती. मीही पाहिलं नसतं.

त्यातून मी धडा घेतला: ब्रेक.
वर्षभर दाबत राहिलो.
कुर्टीच्या साध्या उताराला, खांडेपारच्या पुलाआधी,
गतिरोधकाच्या नुसत्या पाटीलासुद्धा.
रबरांचे तीन जोड झिजले.
पडलो नाही,
आणि कुणाच्या जवळपासही राहिलो नाही.

चौथा जोड बसवताना इनास हसला.
इनास एकसष्टचा, पूर्वीचा पोदेर.
अठरा वर्षं याच उतरणीवरून
मागे पावांची टोपली बांधून गेलेला,
अंधारात, दिवा नसलेल्या सायकलवर.
“खड्ड्याक पळयत रावलो जाल्यार
खड्ड्यांतूच पडटलो,” म्हणाला.
आणि नट आवळता आवळता:
घाबरायचं तर वळणाआधी घाबर,
तिथे भरपूर जागा असते.

तर काल.
काजूला मोहर, रस्त्यावर अजून दव.
फोंड्याच्या तिस्कावरून एकोणीस जण निघालो.
पुढे कॉलेजातली दीक्षिता गावडे,
तिच्या चाकाला चिकटून मडगावचा एक रोखपाल,
मग आम्ही.
उतरण लागली. मी आधीच घाबरून घेतलं,
व्यवस्थित, दोन्ही ब्रेकांवर,
मनातल्या परमिटवर सही करून.
मग बोटं उचलली.

दुसऱ्या वळणावर तांबडी भुकटी होती.
यंदाही.
मी पाहिलं ते पलीकडे, जिथे रस्ता सरळ होतो
आणि जुवारीची एक चकाकती पट्टी दिसते.
सायकल माझ्याआधी तिकडे वळली.

पुलावर पोचलो तो पहिल्या सहांत!
समोरून खाऱ्या वाऱ्याची भिंत,
आणि मी, शहाणा, आपण होऊन पुढे गेलो.
पाच जणांना वारा न लागू देता
अख्खा पूल ओढून नेला.
मागून रोखपाल म्हणाला, वा काका.
त्या दोन शब्दांवर आणखी दोन किलोमीटर.

रायच्या चर्चला वळसा घालून परत फिरलो,
आता तीच उतरण चढण झालेली.
पायांत काही उरलं नव्हतं.
एकेक जण बाजूने गेला, सौजन्याने,
माझा श्वास ऐकत.
रोखपालाने या वेळी काका म्हटलं नाही.
एक शाळकरी पोरगा होता,
त्याच्या सायकलला अजून घंटी होती.
वाजवून गेला.

आज सोमवार. शिरोडा, शाळेमागचा खांब.
खाली शिडी धरून रोहिदास विचारतो, कितवे?
सतरावा.
कितींत?
एकोणीस.
जरा थांबून, मागचे दोघे?
एकाचं पंक्चर.
दुसऱ्याचं तो विचारत नाही.

लाईन बंद. टेस्टर गप्प. साखळी टाकलेली.
तरी मी तारेला आधी हाताची पालथी बाजू लावतो,
जुन्या वायरमनांची खोड,
आणि त्या अर्ध्या क्षणात
तारेकडे पाहत नाही,
खाजनांपलीकडे पाहतो, नदीकडे.

पुलाचं काय करायचं
ते अजून ठरलेलं नाही.