बिनविस्तवाची सुरी

दामोता डोंगराच्या उतरणीला
बालोतेच्या घरामागे एन्सेट उभी असते.
केळीची बहीण, पण फळाचा सोस नसलेली,
सगळा संसार बुंध्यात साठवणारी.
सात वर्षं वाढवायची, मग खरवडायची,
खड्ड्यात पुरून आंबवायची,
तेव्हा कुठे तव्यावर कोचोची भाकर.

बालोते झाडांना नावाने हाक मारते.
ही तुझुमा. ही हलाला, हिचा वाख चिवट.
ती कोपऱ्यातली माझिया, सासूने दिलेली,
रोगाला दाद न देणारी,
निदान तसं सासू म्हणायची.
मी वहीत लिहिते: नमुना एकवीस, बावीस, तेवीस.

माझियाचं मधलं पान पिवळं पडून
मोडक्या छत्रीसारखं लोंबतंय.
देठ कापला की थोड्या वेळाने
थेंब येतात, दाट, सायीच्या रंगाचे.
बालोते बोटाला लावून बघते.
मी म्हणते, हात धुवा.
ती म्हणते, मला थोडाच होतोय.

सोडोच्या प्रयोगशाळेत
वीज असेल तर सगळं सोपं असतं.
थेंबभर रस, त्यातून निथळून घेतलेला डीएनए,
मग यंत्रात तापवायचा, निववायचा, पुन्हा तापवायचा,
पस्तीस वेळा,
एकाचे दोन, दोनाचे चार,
न दिसणारं दिसू लागेपर्यंत.
आडात असेल तर पोहऱ्यात येतंच.
जेलवर एक पट्टी उमटते, नखाच्या कडेएवढी,
आणि एका घराची सात वर्षं
पॉझिटिव्हच्या रकान्यात जातात.

या जंतूचे चुलते मक्यावर राहतात, उसावर राहतात.
कधीतरी नक्कल करताना एक अक्षर चुकलं असेल,
मग आणखी एक.
कुणी खोडलं नाही.
चुकीलाच एन्सेटचा बुंधा मानवला,
आणि तिची पोरं-नातवंडं
एकाच साच्यातून पाडल्यासारखी डोंगरभर पसरली.
झाडं शंभर नावांची,
रोग जवळजवळ एकाच चेहऱ्याचा.
जवळजवळ.
त्या जवळजवळवर माझा पगार चालतो.

पूर्ण वाचन परदेशातून करून आलं, तीन महिन्यांनी.
पन्नास लाखांच्या आसपास अक्षरं.
त्यात दरीपलीकडच्या अंजुलोच्या बागेतला जंतू
बाकी सगळ्यांहून एकाच जागी वेगळा:
इतरांत जिथे सी, तिथे त्याचा टी.
ही खूण फक्त त्याच्या बागेत.
आणि बालोतेच्या माझियात.

अंजुलो आणि बालोतेचं बोलणं नाही अकरा वर्षं.
आधी बांध, मग कोर्ट, मग लेकीच्या लग्नाचं न आलेलं बोलावणं.
रोप गेलं नाही इकडून तिकडे,
गुरं नाहीत, उसनी सुरी तर नाहीच.
मी नकाशावर बोट फिरवत बसले,
कोण जातं या दोन्ही अंगणांत?
मग जुनी वही काढली.
गेल्या वर्षीचा एक मंगळवार.
सकाळी अंजुलो. दुपारी बालोते,
तिची बाग तेव्हा ठणठणीत, तुलनेसाठी घेतलेली.
आणि समासात माझंच अक्षर:
स्पिरिट संपलं, सुरी पुसून घेतली.

पुसून.

अहवालात मी लिहिलं, 'अवजारांतून प्रसार'.
खोटं नव्हतं.
तरी शनिवारी चढ चढून गेले.
बालोते ऐकत होती, हात कोपरापर्यंत पिठात.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग चुलीतून निखारे पुढे ओढले,
माझ्या पिशवीतली सुरी मागून घेतली
आणि पातं लाल होईस्तोवर त्यात धरलं.
"असं," म्हणाली. "पोरांनाही येतं हे."
मग कुदळ माझ्याकडे सरकवली.
"माझिया तूच खण. गड्ड्यासकट."

अंधार पडेपर्यंत खणत होतो.
दरीपलीकडे कुणीतरी थांबलेलं,
खांद्यावर फावडं,
येऊ की नको असं.
बालोतेने एकदा मान वर केली,
आणि पुन्हा माती ओढायला लागली.