उसवण

कुओपिओ, फेब्रुवारी, रात्रीचे साडेतीन.
बाहेर तळं इतकं घट्ट गोठलंय
की त्यावरून लाकडाचे ट्रॅक्टर जातात.
आत इनक्युबेटरमध्ये अडतीस अंश
आणि सोळा अंडी,
प्रत्येकाच्या कवचाला कात्रीने पाडलेली
नखाएवढी खिडकी.

हिल्का म्हणते, तू पाच नंबरवर डोळा ठेव,
माझा टाका चुकेल.
या प्रयोगशाळेत तिची एकतीस वर्षं झाली.
रात्रपाळीला विणकाम आणते, पण नवी लोकर कधीच नाही.
ओस्मो गेला तेव्हा दोन गोष्टी सोडून गेला,
तिला, आणि हा करडा स्वेटर.
आता तो तिच्या मांडीवर काठाकडून उसवत असतो,
आणि तोच धागा वर सुयांवर
हातमोजा होत असतो.

मी भिंगाखाली वेगळं काय पाहतो?
पेशीला पाय नाहीत. ती आपलीच कड पुढे लोटते.
आत ऍक्टिनचे धागे, मण्यामण्यांचे.
प्रोफिलिन एकेका मण्याला हाताला धरून आणतं,
कोवळ्या टोकाशी बसवतं.
कुणी धाग्याला फांदी फोडतं, सत्तर अंशांत नेमकी.
कुणी टोकावर टोपण घालतं, बस, पुरे झालं.
आणि मागे, जिथे धागा शिळा होतो,
तिथे कोफिलिन.
ते तोडतं.

तीन वर्षं मी त्याला घरभेदी समजत होतो.
निबंधाच्या पहिल्या खर्ड्यात ‘विध्वंसक’ असा शब्दही होता.
हिल्काने तो पेन्सिलीने खोडला,
समासात काहीही न लिहिता.

पाच नंबरमध्ये आम्ही कोफिलिन गप्प केलंय.

पाठीच्या मधोमध पेशींची एक पाटी असते.
तिच्या दोन्ही कडा उचलतात,
पुस्तक मिटावं तशा एकमेकींकडे कलतात,
टेकतात, आणि शिवण दिसेनाशी होते.
त्या शिवणीतूनच काही पेशी घर सोडतात,
वाट काढत जबड्यापर्यंत जातात, काही थेट हृदयाशी.

पाचमध्ये कडा उचलल्या.
कलल्या, थोड्याशा.
मग धागेच धागे झाले, गच्च, जुने, न तुटलेले.
एक मणी मोकळा नाही.
घर भरलेलं, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला
गाठीला काही नाही.
मी वहीत लिहिलं,
‘मिटलं नाही. ३.५२.’

हिल्का उठली. चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ भिंगात पाहत राहिली.
मग म्हणाली, सिर्पा अशीच होती.
कोण सिर्पा, मी विचारलं,
आणि विचारता विचारताच कळलं.
कंबरेच्या जरा वर, ती म्हणाली. नऊ दिवस.
नंतर मी इथे आले होते, विचारायला, का म्हणून.
ते म्हणाले, ठाऊक नाही बाई,
पण काचेच्या बश्या धुवायला माणूस हवंय.

फ्रीज घरघरला. थांबला.
मला काही बोलायचं होतं,
मण्यांविषयी, किंवा कुणालाच अजून
नीट ठाऊक नसल्याविषयी.
ती केव्हाच खुर्चीत बसली होती.

स्वेटरच्या खांद्यापाशी गाठ लागली.
नखाने सुटेना, दाताने सुटेना.
मी खिडक्या पाडायची कात्री पुढे केली.
नंतर स्पिरिटने पुस हं, ती म्हणाली,
आणि तोडला.
धागा पुन्हा सुरळीत येऊ लागला,
आधीच्या वळणांचे आकडे अंगावर घेऊन.

नऊ नंबरची पाठ तेवढ्यात मिटून गेली होती.
आम्ही दोघांनीही
ती मिटताना पाहिली नाही.