खडा जाऊन आला

आजोबांचं थडगं अमाऱ्याला आहे.
म्हणजे होतं.
तिथल्या मातीत मीठ फार,
पंधरा-सोळा वर्षांत दगडच खाऊन टाकले तिनं.
मग साहेबांनी उरलेसुरले उचलले
आणि नावं एका भिंतीवर चढवली.
ती भिंत तरी आहे का आता, कोणाला ठाऊक.

हनोख मुसाजी झिराडकर,
सब-असिस्टंट सर्जन.
अलेक्झांड्रा गोदीतून बोटीत चढले
तेव्हा माझे बाबा पोटात होते.
परत आलं ते पदक,
रजिस्टर पोस्टानं, डोंगरीच्या पत्त्यावर.
आजीनं अंगठा उठवून ते घेतलं
आणि पोस्टमनला विचारलं,
"मागून येतायत का?"

सोबत एक कागद, इंग्रजी चार ओळी.
बाबा वाचण्याइतके शिकेस्तोवर तो डब्यातच होता.
गोळ्या चालू असताना अकरा वेळा उघड्यावर गेले,
अकरा माणसं पाठीवर घालून आणली.
बारावा वाटेत गेला, असं कागदात नाही.
ते मी धरून चालते.
चाळीस वर्षं नायरमध्ये पट्ट्या बांधल्यात मी,
अकरा आणले म्हणजे बारावा असतोच.

स्वतः गेले ते पटकीनं, पुढच्याच महिन्यात.
खाल्ल्या मिठाला जागला हो तुझा माणूस,
असं आजीला सगळी आळी सांगून गेली.
मीठ कोणाला जागलं
ते मी वर सांगितलंच.

आमच्यात थडग्यावर खडा ठेवायची रीत.
कोणीतरी येऊन गेलं, एवढंच त्याचं म्हणणं.
शंभर वर्षांत त्यांच्या वाट्याला एकही नाही.
आमची मिल्का अश्दोदला असते.
नकाशावर बोट ठेवून फोनवर म्हणाली,
"अगं, इथून जवळच की!
पण माझा पासपोर्ट तिथं चालत नाही."
माझा पासपोर्ट चालतो.
गुडघे चालत नाहीत.

खालच्या मजल्यावरचा तौफिक परकार
तेलाच्या टँकरवर थर्ड इंजिनीअर.
यंदा बसरा, म्हणाला.
मी काठी घेऊन मशिदीपर्यंत गेले,
सॅम्युएल स्ट्रीटवरच्या, आमच्या.
(आमची म्हातारी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची.
तौफिकला हे सांगितलं तर खूप वेळ हसला.)
पायरीजवळचा एक खडा उचलला,
काळा, सुपारीएवढा,
आणि त्याच्या तळहातावर ठेवला.
अमाऱ्याला नाही तर नाही,
त्या जमिनीवर कुठंही ठेव म्हटलं.

सव्वा महिन्यानं दारात उभा, मान खाली.
"मावशी, उतरूच दिलं नाही.
तीन दिवस धक्क्याला लागून होतो,
जमीन एवढी जवळ
की कुत्री भुंकलेली ऐकू यायची.
फेकावा असं आलं मनात.
पण तुम्ही ठेव म्हणाला होतात."
आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.
खड्याला ग्रीस लागलं होतं.

मी चहा टाकला.
खडा साबणानं घासला, पदराला पुसला.
हाच बंदर, हाच समुद्र,
बसऱ्यापर्यंत गेला आणि घरी आला.
आमच्या घरात हे पहिल्यांदाच.

पदकाच्या डबीत कापूस दाबून जागा केली.
रिबनीचा रंग उडालाय, राणी की राजा
तेही आता बोटानं चाचपावं लागतं.
झाकण नीट बसेना.
तौफिक बशीत चहा ओतत म्हणाला,
"मावशी, डिसेंबरात पुन्हा तिकडेच आहे.
देता का परत? या वेळी काहीतरी जमवतो."

नको रे, म्हटलं.
आलाय तर राहू दे.